छंदाचा धंदा

छंद आणि धंदा हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात. पण घरोघरचा अनुभव पाहिला तर त्यांचें नातें वांटणीवरून बोलणें तुटलेल्या भाऊबंदांचें असतें. छंद पदरचे पैसे खर्च करवितो, धंदा दुसऱ्याच्या पदरचे पैसे आणतो. छंदांत मनाला येईल तेव्हां उठावें व मनाला येईल तेव्हां बसावें. धंद्यांत गिऱ्हाईक येईल तेव्हां उठावें आणि तें जाईपर्यंत बसूं नये. म्हणूनच घरांतील एखाद्या मुलानें "मी माझ्या छंदाचाच धंदा करणार" असें जाहीर केलें कीं त्याच्या बरोबरीचीं मुलें त्याची पाठ थोपटतात, आणि वडील मंडळी अडकित्ता हातांत घेऊन उगाच सुपारी कातरीत बसतात. दोघांचेंही वागणें आम्हांस स्वाभाविक वाटतें. परंतु पाठ थोपटून दुकान चालत नाहीं, आणि सुपारी कातरून प्रश्न सुटत नाहीं.

या विषयास निमित्त एका जुन्या वर्गणीदारांच्या पत्राचें झालें. त्यांचा मुलगा अमेरिकेंत इंजिनिअर आहे; वय चाळिशीच्या घरांत, नोकरी चांगली, सून गुणी, दोन मुलें शाळेंत जाणारीं. मुलाला लहानपणापासून यंत्रांचा नाद. गेल्या पंधरा वर्षांत त्यानें 'पिनबॉल' नांवाच्या खेळाचीं अकरा मोडकीं यंत्रें विकत घेऊन, स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करून, मोटार ठेवण्याच्या खोलींत मांडलीं आहेत. मोटार बिचारी बारा महिने उघड्यावर! आतां तो नोकरी सोडून पिनबॉलचा बार काढूं म्हणतो, आणि भांडवलाचा कांहीं भाग पुण्याच्या सामाईक घरांतील आपल्या हिश्श्यावर उभा राहिला तर बरें, असें त्यानें वडिलांस सुचविलें आहे. वर्गणीदार लिहितात, "जुगाराचा अड्डा आणि दारूचा गुत्ता एकाच छपराखालीं चालविणारा आमच्या कुळांत हा पहिलाच. आपण शिक्षक होतां. त्याला चार शब्द सांगा."

चार शब्द सांगण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, ही आमची जुनी खोड. धडा न वाचतां वर्गावर जाणाऱ्या मास्तराची मुलें काय अवस्था करितात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून प्रथम हा खेळ कोणता, तें पाहूं.

पिनबॉल आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. मे महिन्याच्या सुट्टींत मुलें ज्यावर तुटून पडत, ती बॅगाटेलची लाकडी पाटी आठवावी. पाटीवर ठोकलेले खिळे, खिळ्यांचीं लहान लहान कुंपणें, प्रत्येक कुंपणाचा आंकडा, आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला कीं गोळी वर जाऊन खिळ्यांना आपटत आपटत कोठेंतरी विसांवते. हा खेळ अठराव्या शतकांतील फ्रान्सच्या उमरावांच्या दिवाणखान्यांतून जगभर गेला. मूळांत गोळी काठीनें ढकलीत. पुढें सिनसिनाटी शहरीं स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नांवाच्या इंग्रज गृहस्थानें स्प्रिंगच्या दांड्यासह अनेक सुधारणा करून १८७१ सालीं त्यांचें पेटंट घेतलें. ज्या पाटीवर आपलीं मुलें भांडलीं, तीच पिनबॉलची आजी होय.

या आजीला दुकानांत बसवून पैसे मिळविण्याची युक्ति शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यानें साधली. १९३१ सालीं त्यानें 'बॅफल बॉल' नांवाचें यंत्र काढलें. किंमत साडेसतरा डॉलर, आणि एका सेंटाला पांच ते सात गोळ्या. तो महामंदीचा काळ होता. काम गेलेल्या माणसाला एका सेंटांत घटकाभर स्वतःचें दुःख विसरतां येई, आणि दुकानदाराला तो सेंट मिळे. यंत्रें हातोहात खपलीं. नंतर त्यांत वीज आली, दिवे आले, घंटा आल्या. यंत्राला हालवून गोळी हवी तिकडे वळविण्याची लबाडी लोक करूं लागले, तेव्हां हॅरी विल्यम्स या कारागिरानें 'टिल्ट' नांवाची योजना केली. तिच्या रूढ प्रकारांत यंत्राच्या पोटांत एका कड्यामधून लंबक सोडलेला असतो. धक्का प्रमाणाबाहेर गेला कीं लंबक कड्याला लागतो आणि चाललेला डाव बुडतो. थोडा धक्का मात्र शास्त्रसंमत आहे!

सर्वांत मोठा फेरफार १९४७ सालीं, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीं झाला. गॉटलिबच्याच कारखान्यांत हॅरी मॅब्स यानें 'हम्प्टी डम्प्टी' नांवाच्या यंत्राला फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे बोटाएवढे लांब, विजेच्या बळावर उसळणारे दांडे. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबल्या कीं ते उचलले जातात आणि खालीं घरंगळत आलेल्या पोलादी गोळीला पुन्हां वर फेंकतात. तोपर्यंत खेळणारानें गोळी सोडावी आणि पाहत राहावें. १९४७ पासून त्याला हात फुटले.

आतां वर्गणीदारांचा पहिला आक्षेप, जुगाराचा. तो निराधार नाहीं. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लागार्डिया यांनाही तेंच वाटलें होतें. त्यांच्या शहरांत १९४२ सालच्या जानेवारींत या यंत्रांवर बंदी आली. पोलिसांनीं यंत्रें जप्त केलीं, आणि महापौरांनीं स्वतः घण हातांत घेऊन तीं फोडलेलीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं. त्या काळीं यंत्राला फ्लिपर नव्हते, कांहीं यंत्रें जिंकणाराला रोकड देत, आणि शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे त्यांत जात. हें ध्यानांत घेतलें म्हणजे महापौरांस सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पण पांच वर्षांनीं यंत्र बदललें; कायदा बदलला नाहीं. फ्लिपर आल्यावरही एकोणतीस वर्षें न्यूयॉर्कांत हा खेळ गुन्हाच राहिला. वस्तु पुढें जाते आणि तिच्यावरचा शिक्का मागेंच राहतो, असें अनेकदां घडतें.

हा शिक्का कसा पुसला गेला, तें ऐकण्यासारखें आहे. १९७६ सालच्या एप्रिलमध्यें रॉजर शार्प नांवाचा तरुण लेखक शहरसभेच्या समितीसमोर उभा राहिला. प्रश्न एवढाच कीं, हा खेळ दैवाचा कीं कौशल्याचा? त्यानें समितीच्या देखत खेळून दाखविलें, आणि शेवटीं दांड्यावर हात ठेवून, आपण सोडलेली गोळी वरच्या कोणत्या वाटेनें जाईल तें आधीं सांगितलें. गोळी त्याच वाटेनें गेली, आणि बंदी उठली. त्या क्षणीं दैवानेंही आपल्याला हात दिला, हें शार्प यानें पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे. पण दैवानें हात द्यावयासही दांड्यावर शिकलेला हात असावा लागतो. आमच्या वाचकांस येथें वनपर्वांतील नल आठवेल. ज्या फाशांनीं त्याचें राज्य नेलें, त्याच फाशांनीं तें परत दिलें. मधल्या काळांत फांसे बदलले नव्हते, ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून नल बदलला होता. जेथें ज्ञानानें फळ बदलतें, तेथें निव्वळ जुगार नाहीं. शिवाय आजच्या पिनबॉलांत पैसे लावून पैसे जिंकण्याचा व्यवहारच नसतो. चांगला खेळला तर फार तर आणखी एक डाव फुकट मिळतो. तेव्हां 'जुगाराचा अड्डा' हे शब्द वर्गणीदारांनीं परत घ्यावेत.

दुसरा आक्षेप बारचा. तो आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. परंतु आधीं बारच कां, हें समजून घ्यावें. येथें थोडें अंकगणित करूं. नव्या यंत्राची किंमत आज सुमारे सात हजार डॉलरांपासून पुढें असते. एका डावाचा एक डॉलर धरला, तर नुसती किंमत वसूल होण्यास सात हजार डाव झाले पाहिजेत. रोज वीस डाव धरले, तर साडेतीनशें दिवस, म्हणजे जवळजवळ एक वर्ष; आणि यांत जागेचें भाडें, वीज, विमा, नोकराचा पगार धरलेला नाहीं. अशीं वीस यंत्रें मांडणाऱ्याचे एक लक्ष चाळीस हजार डॉलर केवळ यंत्रांत अडकले. गिऱ्हाईक एका डॉलरांत पांच मिनिटें खेळतें. तेवढ्यावर भाडें निघत नाहीं. भाडें निघतें तें त्याच्या हातांतील बिअरच्या ग्लासावर आणि बशींतील खाद्यपदार्थांवर. यंत्र माणसाला आंत बोलावतें, ग्लास घरमालकाचें देणें भागवितो.

ही विद्या अमेरिकेनें शोधून काढली असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणीं, अध्यक्षाच्या देखरेखीखालीं चालवावें असें सांगितलें आहे. अध्यक्षानें जिंकलेल्या द्रव्यावर शेंकडा पांच तर घ्यावेतच, पण फाशांचें भाडें, पाण्याचा आकार आणि जागेचा आकारही निराळा घ्यावा. म्हणजे खेळावर थोडें, जागेवर आणि पेयावर अधिक, हा हिशेब तेव्हांही ठाऊक होता. पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, आसनें, सुगंध, फुलें आणि पाणी ऋतूला मानवेल असें ठेवावें, इतक्या बारकाव्यापर्यंत तो गेला आहे. एवढें सांगून त्यानें त्या सर्वांवर अध्यक्ष नेमला, हेंही विसरूं नये. बार हा असा व्यवसाय आहे कीं त्याचा मालक स्वतः शुद्धीवर राहिला तरच तो राहतो.

येथपर्यंत बापाच्या शंका झाल्या. आतां मुलाच्या कल्पनेकडे वळूं. त्याची खरी परीक्षा पुढेंच आहे.

'मला पिनबॉल आवडतो' या वाक्याचे तीन अर्थ होऊं शकतात. एकाला खेळावयास आवडतें, दुसऱ्याला यंत्र उघडून नीट करावयास आवडतें, आणि तिसऱ्याला चार माणसें जमवून त्यांना खेळतांना पाहावयास आवडतें. धंद्यांत पहिल्याचा उपयोग सर्वांत कमी. ज्या संध्याकाळीं सगळे खेळतात, त्या संध्याकाळीं मालकाला खेळतां येत नाहीं. तो ग्लास विसळतो, मोड देतो, आणि कोपऱ्यांतल्या यंत्राचा डावा फ्लिपर कां मंदावला तें पाहतो. पोलादाची ती सुमारे ऐंशीं ग्रॅमची गोळी दिवसभर रबरी कड्यांवर, दिव्यांवर, पट्ट्यांवर आदळत असते. कडी झिजते, तार सुटते, विद्युच्चुंबकाचें वेटोळें जळतें, पटावर धूळ बसून गोळी रेंगाळूं लागते. गिऱ्हाईक तक्रार करीत नाहीं. एक डॉलर घालतें, मनांत नाराज होतें आणि पुन्हां येत नाहीं. म्हणून या धंद्यांत उत्तम खेळाडूपेक्षां उत्तम दुरुस्ती करणारा टिकतो.

याचें उदाहरण लास व्हेगास शहरीं आहे. टिम आर्नोल्ड या गृहस्थांनीं मिशिगन राज्यांत 'पिनबॉल पीट्स' नांवाचे खेळांचे अड्डे चालविले, आणि तेथून निवृत्त होऊन ते लास व्हेगासला आले ते शेंकडों यंत्रें बरोबर घेऊन. २००६ सालीं त्यांनीं 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' उघडला. २०२१ सालीं तो शहराच्या मुख्य रस्त्यावर मोठ्या जागेंत गेला. तेथें जुनीं यंत्रें कांचेच्या कपाटांत बंद नाहींत. नाणें घालावें आणि खेळावें. संस्था नफ्यासाठीं चालत नाहीं, आणि उरलेला पैसा धर्मादायास जातो. ज्या शहरांत माणसाचा खिसा रिकामा करण्याचें शास्त्र पूर्णत्वास नेलें आहे, त्याच शहरांत हा माणूस चार नाण्यांत लोकांस रमवितो. आणि त्या सर्वांच्या मुळाशीं हातांत पाना घेऊन यंत्रापाशीं वांकलेला माणूस आहे.

दुसरें उदाहरण जपानचें. आपल्या एका कादंबरीच्या नांवांतच पिनबॉल घालणारा हारुकी मुराकामी प्रसिद्ध लेखक होण्यापूर्वीं दुकानदार होता. त्याला जॅझ संगीताचें वेड. सकाळपासून रात्रीपर्यंत तेंच ऐकतां यावें म्हणून त्यानें आणि त्याच्या पत्नीनें नोकऱ्या करून पैसे सांठविले, उरलेलें कर्ज काढलें, आणि १९७४ सालीं टोकियोच्या पश्चिमेस कोकुबुंजी येथें 'पीटर कॅट' नांवाचा जॅझचा बार उघडला. दुकान चाललें, १९७७ सालीं शहराच्या मध्यवस्तींत गेलें. आपल्या धंद्याविषयीं त्यानें एक मार्मिक गोष्ट लिहिली आहे: दहा गिऱ्हाइकांपैकीं एकाला जरी दुकान मनापासून आवडलें आणि तें पुन्हां आलें, तरी दुकान चालतें, मात्र त्या एकाला तें खरोखर आवडलें पाहिजे. सर्वांना थोडें थोडें आवडण्याच्या नादांत जो लागतो, त्याच्या दुकानांत छंद उरत नाहीं आणि धंदाही राहत नाहीं. मुराकामीनें १९८१ सालीं तें चालतें दुकान विकलें. कारण रात्रीं दुकान बंद केल्यावर स्वयंपाकघरांतील मेजावर बसून तो जें लिहूं लागला होता, तें त्याला दुकानाहून प्रिय झालें होतें. छंदाचा धंदा केल्यानें माणूस जन्माचा बांधला जातोच असें नाहीं, हाही यांतून बोध घ्यावा.

या प्रश्नांत आम्ही अगदींच तिऱ्हाईत नाहीं. मॅट्रिक झाल्यावर शास्त्रीबोवांपाशीं बसून रघुवंश वाचतांना आम्हांस जेवणाची आठवण राहत नसे. पुढें त्याच संस्कृतावर आम्हीं चौतीस वर्षें पोट भरलें. म्हणजे आम्हींही छंदाचा धंदाच केला. त्यांत काय गेलें आणि काय मिळालें, तें प्रामाणिकपणें सांगतों. मेघदूतांतील विरही यक्ष पांच गुणांचा प्रश्न झाला. संध्याकाळीं तपासावयाच्या वह्यांचा ढीग संपल्यावर स्वतःसाठीं काव्य उघडण्याची इच्छा कित्येक वर्षें झाली नाहीं. हें गेलें. परंतु एकच श्लोक दरवर्षीं नव्या वर्गापुढें उलगडतांना, मागच्या बांकावरच्या मुलानें "हाच शब्द कां घातला?" असें विचारल्यावर त्याचें उत्तर शोधतांना, त्या श्लोकाचा सांधा न् सांधा आम्हांस असा कळला कीं, घरीं आरामखुर्चींत पडून वाचणाऱ्या रसिकाला तो कधींही कळला नसता. हें मिळालें. मालविकाग्निमित्रांत कालिदासानें केवळ पोटासाठीं विद्या बाळगणाऱ्याची वाण्यांत गणना केली आहे. नोकरींत असतां तो टोला आम्हांस फार झोंबे. पुढें पुढें ध्यानांत आलें कीं त्यांतील सारा विखार 'केवळ' या एका शब्दांत आहे. पोट भरण्यास कवीची हरकत नाहीं; पोटापलीकडे कांहीं उरलें कीं नाहीं, एवढेंच तो विचारतो.

आतां मुलाला जे चार शब्द सांगावयाचे, ते असे. नोकरी सोडण्यापूर्वीं आपल्या अकरांपैकीं दोन-तीन यंत्रें दुसऱ्या कोणाच्या चालत्या बारमध्यें ठेव. जमलेलीं नाणीं यंत्राच्या आणि जागेच्या मालकांनीं निम्मीं निम्मीं वांटून घ्यावयाचीं, ही तिकडची जुनी रीत आहे. एक वर्ष त्याचा पैन् पैचा हिशेब लिही. त्या वर्षांत आठवड्यांतून एक रात्र तेथेंच फळीमागें उभा राहून काम कर. रात्रीं एक वाजतां दुसऱ्याचें सांडलेलें पुसतांनाही तुला यंत्रांचा आवाज गोड लागला, तर पुढचें पाऊल टाक. पत्नीचा होकार तोंडदेखला घेऊं नकोस. हा रात्रीचा धंदा आहे आणि मुलांची शाळा सकाळची असते. पुण्याच्या घराला हात लावूं नकोस. त्या घरांत तुझा हिस्सा असेल, पण त्यांत तुझ्या काकूंची म्हातारपणची खोलीही आहे. यंत्राला टिल्टचा लंबक असतो, तसा भांडवलालाही असावा: अमुक रकमेपर्यंत धक्का सोसूं, त्यापुढें डाव बंद, असा आंकडा आधीं कागदावर लिहून त्याखालीं दोघांनीं सही करावी. आणि सर्वांत लाडकें एक यंत्र घरींच ठेव; त्याच्या नाण्याच्या फटीला कागद चिकटव. तें फक्त तुझें.

वडिलांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. पंधरा वर्षें मोडकीं यंत्रें विकत घेऊन तीं नीट करणारा मुलगा उडाणटप्पू नव्हे; एवढी चिकाटी आम्हांस वर्गांत क्वचितच आढळली. आपण त्याला पैसे देऊं नयेत हें योग्य. पण त्याची विद्या काय आहे, तें एकदां विचारलें आहे काय? आज दूरध्वनीवर माणूस बोलतांना दिसतोही. तेव्हां येत्या रविवारीं त्याला एक यंत्र उघडून पोटांतल्या तारा दाखवावयास सांगा, आणि तारांकडे न पाहतां त्याच्या तोंडाकडे पाहा. मग हवें तर नाहीं म्हणा. तें नाहीं त्याला कमी लागेल.

संस्कृतांत छंद या शब्दाचा एक अर्थ इच्छा, आणि दुसरा अर्थ वृत्त. मनाची ऊर्मि जेव्हां मात्रा पाळते, यतीला थांबते आणि चरण पुरा झाल्यावर दुसरा मुकाट्यानें सुरू करते, तेव्हां तिचें वृत्त होतें. दुकानाची वेळ, गल्ल्याचा हिशेब, झिजलेली रबरी कडी आणि गिऱ्हाइकाची लहर या त्या मुलाच्या मात्रा होत. त्या सांभाळूनही त्याची ऊर्मि जिवंत राहते कीं काय, तें वर्षभराचा हिशेब सांगेल. वर्गणीदारांनीं या अंकाची एक प्रत मुलाला धाडावी. आणि दोघांनींही आपला भाग वाचून झाल्यावर दुसऱ्याचाही वाचावा.